आईची मूठ आता मिटत नाही

चोपड्याची_लेक

श्रावणात चार दिवस माहेरी जाऊन आले. चोपडा तालुक्यातलं गाव, एका बाजूला सातपुडा आणि दुसऱ्या बाजूला तापी. घरात कानबाई बसणार होती. रोटाचे गहू काढायचे म्हणून वहिनीने डबा आईपुढे ठेवला. आई ८४ वर्षांची आहे. तिने हात आत घातला, मूठ भरून वर काढली आणि गहू बोटांच्या फटींतून खाली गळत राहिले. तिने पुन्हा घेतले, पुन्हा गळाले. संधिवाताने तिची बोटं आता तळव्याला टेकत नाहीत. थोडा वेळ ती डब्याकडे बघत बसली, मग डबा माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तू भर. तुन्ही मूठ मन्हासारखीच शे."

ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी बसते, रात्रभर जागरण होतं आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन विसर्जन होतं. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. आमच्या घरात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात आणि त्याच पिठाचे रोट होतात. सोबत पुरण, खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. रोट भाऊबंदकीतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. सव्वा मूठ म्हणजे एक पूर्ण मूठ आणि वर चार बोटांच्या टोकांनी उचललेली चिमूट. यंदा भावाच्या नातवामुळे नऊ पुरुष झाले. नऊ वेळा मी मूठ भरली. आई शेजारी बसून एकेक नाव घेत होती.

ते रोट मला खाता येत नाहीत. लग्न झालेली लेक दुसऱ्या कुळाची.

घरी परतल्यापासून ती मूठ डोक्यातून जात नाही. आमच्या स्वयंपाकाचं सगळं मापच आईच्या हातात होतं आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. पसा म्हणजे एका हाताची खोलगट ओंजळ, ओंजळ म्हणजे दोन्ही हातांची, बोटभर तेल, चिमूटभर हिंग. घरात मापटं आणि चिपटं होतं, पण ते बलुत्याचं धान्य मोजायला. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. चुलीजवळ मात्र हातच चालायचा. वाटी-चमच्याचं माप मी लग्नानंतर शिकले.

माझा जन्म १९६६चा. पहिली आठवण कळण्याच्या भाकरीची आहे. ज्वारीत सालासकट काळे उडीद घालून जरा भरड दळायचं, त्याचं नाव कळणा. आमच्याकडे ळचा य होतो, म्हणून 'कयना'. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी थापताना कड फाटत नाही. आजी पहाटे जात्यावर बसायची आणि मी तिच्या मांडीला टेकून अर्धवट झोपेत असायचे. जात्याच्या तोंडात ती चार मुठी ज्वारी टाकायची, मग एक मूठ उडीद. दळणाच्या ओव्यांच्या मध्ये मला ती मोजणी ऐकू यायची. भाकरी तव्यावरून उतरली की वर कच्चं तेल, हिरव्या मिरचीचा ठेचा, हाताने फोडलेला कांदा. दिवसभर शेतात जाणाऱ्या माणसाला ही एक भाकरी दुपारपर्यंत धरून ठेवते.

मग ७२चा दुष्काळ आला. मी सहा वर्षांची होते. रेशनवर मिलो मिळायचा, ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी लालसर आणि थापताना तुटायची. दुष्काळी कामावर सुकडी वाटायचे, अप्पा (माझे आजोबा) आपल्या वाटची सुकडी धोतराच्या सोग्यात बांधून आमच्यासाठी आणायचे. उडीद घरात नव्हतेच. तरी आजी चार मुठी मिलो टाकल्यावर रिकामी मूठ एकदा जात्यावर उघडायची. मला ते तेव्हा कळलं नव्हतं, मी विचारलंही नाही. पुढे उडीद आले तेव्हा तिने त्या दिवशी दोन मुठी घातल्या होत्या, हे मात्र आईने सांगितलं.

आखाजी हा आमचा सगळ्यात मोठा सण. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. पितरांची घागर भरायची आणि मांडे करायचे. मांड्यासाठी भिजवलेल्या पिठाची कणीक इतकी सैल की ती हातावरून ओघळायला बघते. आत पुरण भरायचं आणि मग ते पोळपाटावर न लाटता दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत झुलवत झुलवत पसरवायचं. मातीचं खापर चुलीवर पालथं घालतात, त्यावर अलगद सोडायचं. आई मांडा खापरावर टाकायची तेव्हा तिच्या बांगड्या कोपराशी सरकवलेल्या असायच्या आणि कपाळावरचा घाम ती खांद्याने पुसायची. घरातल्या बायकांमध्ये मांडा सगळ्यात मोठा तिचा व्हायचा. त्या दिवशी आमरस, मांडा, कुरडई, भजी आणि तिखट रसई. मी बारा वर्षांची असताना पहिला मांडा टाकला तो मधून फाटला आणि पुरण खापरावर जळलं. आईने रागावण्याऐवजी माझे हात हातात घेऊन तळवे बघितले आणि म्हणाली, कोपर वर धर.

१९८४ साली पुण्याला वसतिगृहात आले. एसटीने डबा यायचा. त्यात बिबडे असत. ज्वारी तीन दिवस भिजवून, भरडून, कोंडा काढून तिचा लसूण-मिरची-तीळ घालून घाटा शिजवतात आणि ओल्या कापडावर थापून उन्हात वाळवतात. तो गरम घाटा तेल टाकून खायला उन्हाळ्याच्या सकाळी सगळी गल्ली आमच्या अंगणात जमायची. डब्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवलेली असे, त्यावर फक्त आकडा. ४०. ५२. आई शाळेत दोन यत्ता शिकलेली. तिला पत्र लिहायला जमायचं नाही, पण किती बिबडे पाठवले ते ती लिहायची, वाटेत कुणी काढून घेऊ नये म्हणून. मी त्या चिठ्ठ्या अजून ठेवल्यात.

१९९८ला वडील गेले. त्या वर्षीच्या कानबाईला मी माहेरीच होते. आई रोटाचे गहू मोजत होती. एकेक नाव घेता घेता तिने वडिलांच्या नावाचीही मूठ भरली, सवयीने. आम्ही सगळे गप्प. तिला समजलं तेव्हा मूठ परातीवर होती. ती तशीच थांबली, मग हात परत डब्यावर नेऊन हळूच उघडला. चिमूट घ्यायची राहिली होती.

माझ्या घरचं हे एवढं. तुमच्या घरात कुणाच्या हाताचं माप चालायचं? कुठल्या पदार्थासाठी? लिहा. मला हे गोळा करायचं आहे, माझ्या आईची बोटं मिटत होती तोवर मी ते केलं नाही.

---

लाल_माती

शेवटचा परिच्छेद वाचून उठून पाणी प्यायले.

आम्ही कुडाळकडचे. आमच्याकडे माप म्हणजे पेर. भाताच्या टोपात तांदूळ घातले की आजी मधलं बोट उभं धरायची, तांदळावर एक पेर पाणी. टोप केवढाही असो, पेर तेच. आजीच्या पश्चात आई तसंच करायला लागली आणि पहिला महिनाभर भात थोडा फडफडीत झाला, कारण आईचं बोट आखूड. कुणी बोललं नाही. मग आईने तिचं तिचं ठरवलं, पेराच्या वर नखभर.

आणि वाटप. खोबरं किती घालायचं हे आमच्यात नारळावर ठरतं, कपावर नाही. अर्ध्या नारळाचं वाटप, एका नारळाचं वाटप. पाहुणा आला की आजी विचारायची नाही किती जण, ती विळीवर बसायच्या आधी फक्त नारळ उचलून हलवून बघायची.

---

वऱ्हाडची_हवा

मूठ म्हटल्यावर मला मुटकुळीच आठवली. ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पिठात मेथी, तिखट, ओवा घालून मळायचं आणि गोळा मुठीत दाबून सोडायचा, म्हणजे त्यावर चार बोटांचे ठसे उमटतात. नावच मुठीवरून पडलंय. मग वाफवायचे किंवा वरणात सोडायचे. माझ्या मावशीच्या डाव्या हाताचं मधलं बोट कडबा कापायच्या यंत्रात गेलं होतं. तिच्या मुटकुळ्यावर तीनच ठसे असायचे. आम्ही भावंडं ताटात मावशीचे मुटकुळे ओळखून आधी उचलायचो, तीही मुद्दाम डाव्या हाताने वळायची. मावशी जाऊन सहा वर्षं झाली. तुमचा धागा वाचून आज पहिल्यांदा तिच्याबद्दल लिहितोय.

कळण्याचं प्रमाण चार मुठीला एकच का? आमच्याकडे उडीद थोडे जास्त घालतात.

---

सांडगी_मिरची

धुळ्याची आहे, त्यामुळे रोटाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याही घरी पुरुषांच्याच नावाची मूठ धरायचे. माझ्या चुलत्यांना दोन मुलीच. तीन वर्षांपूर्वी काकूने कानबाईपुढे बसून सांगितलं की ह्या दोघींच्या नावाच्या सव्वा-सव्वा मुठी मी धरणार. घरात दोन दिवस बोलणं बंद होतं. मग माझ्या आजीने, जी सोवळ्याओवळ्यात सगळ्यात कडक, स्वतः उठून त्या दोन मुठी परातीत टाकल्या. तेव्हापासून चालू आहे. ताई, तुमच्या हाताने नऊ मुठी भरल्या गेल्या आणि तुम्हाला घास नाही, हे मला सहन झालं नाही, स्पष्ट लिहिते.

---

गिरणाकाठ

कुळाचार हा कुळाचा असतो. त्यात आपल्याला आज योग्य वाटतं म्हणून एकेक गोष्ट काढायला लागलो तर पुढच्या पिढीला काय देणार? लेकीला आखाजीचा मान आहेच की, तो तर सुनेलाही नाही. माझी बहीण सासरी तिच्या कुळाचे रोट खाते. राग मानू नये, मनापासून लिहिलंय.

---

सांडगी_मिरची

@गिरणाकाठ, ज्यांच्या सासरी कानबाई नाही त्यांनी? ताईंचं सासर तर बहुतेक खानदेशाबाहेरचं.

---

चोपड्याची_लेक

हो, माझं सासर कऱ्हाडकडचं, तिथे कानबाई नाही.

गिरणाकाठ, तुमचं म्हणणं मला परकं नाही, मीही तशीच वाढले. आखाजीचा मान खराच आहे, झोक्यावर बसवून माझ्या पायांना आईने मेंदी लावली आहे. पण खोटं कशाला बोलू, यंदा वाईट वाटलं. रोट खापरावरून उतरत होते, तुपाचा वास येत होता आणि मी ओसरीवर बसून नातवाला खेळवत होते. आईला माझं तोंड दिसलं असावं. संध्याकाळी तिने मला बोलावून गंगाफळाची भाजी आणि खीर वाढली, बराच वेळ ताटाजवळ बसली, दुसऱ्यांदा वाढली, तिसऱ्यांदा वाढली. रोट काही वाढला नाही. ती नियम मोडणार नाही हे मला ठाऊक होतं आणि तिला ते जड जातंय हेही दिसत होतं. भावाशी मी बोलणार आहे, माझ्यासाठी नाही, त्याच्या मुलीसाठी. तिचं लग्न पुढच्या वर्षी ठरेल. तिच्या नावाची मूठ निदान लग्नाआधी तरी धरली जावी.

सासरबद्दलही सांगते, कारण सासूबाईंचं ऋण मोठं आहे. पहिल्या हिवाळ्यात मी भरीत करायला घेतलं तेव्हा त्यांनी सवयीने टोमॅटो चिरून ठेवला होता. आमच्याकडे भरतात टोमॅटो नाही. मी नवी सून, काही बोलले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टोमॅटो उचलून कोशिंबिरीत टाकला. म्हणाल्या, तुझ्या आईसारखं कर, मला शिकायचंय. त्यांनी मला दाण्याचं कूट किती बारीक असावं ते शिकवलं आणि मी त्यांना वांगं विस्तवावर भाजायला.

---

पऱ्हाटी_पेटवा

भरीत निघालंच आहे तर मला बोलू द्या, मी यावलकडचा शेतकरी.

भरिताचं वांगं वेगळं असतं. फिकं हिरवं, पांढऱ्या छटेचं, लांबट मोठं, आत बिया कमी आणि गर लोण्यासारखा. एकेक वांगं अर्धा किलोच्या आसपास भरतं. बामणोद, असोदा ह्या गावांची वांगी लोक नाव घेऊन मागतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं.

चातुर्मासात आमच्या घरी वांगं शिजत नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मग खरा हंगाम. शेतात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या पेटवायच्या, वांग्याला तेलाचा हात आणि दोन-चार टोचे, नाहीतर फुटतं. जाळ मोठा लागतो, वरची साल पूर्ण काळी झाली पाहिजे. साल काढून गर लाकडी बडजीत घालून लाकडानेच ठेचायचा. लोखंड लागलं की गर काळा पडतो, चवही बदलते. हिरवी मिरची वांग्याबरोबरच भाजून लसणासोबत ठेचायची. तेलात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात, वर कोथिंबीर. एवढंच. हळद नाही, गरम मसाला नाही. सोबत कळण्याच्या पुऱ्या.

गॅसवर भाजलेलं भरीत मी खातो, नावं ठेवत नाही. पण पऱ्हाटीच्या धुराचा वास ज्याने घेतलाय त्याला ते अर्धंच वाटतं.

मापाबद्दल: शेतातल्या भरीत पार्टीला आमचे आबा माणशी एक वांगं आणि 'रस्त्याने जाणाऱ्यांसाठी' पाच जास्त तोडायचे. आजवर ती पाच कधी उरलेली बघितली नाहीत.

---

बेळगावी_कुंदा

धारवाडला असलेल्या माझ्या आत्याकडे चपातीचा गोळा आत्याच्या मुठीत मावेल तेवढा, पण मुलं बसली की अर्ध्या मुठीचा. लहान मुलाला अख्खी चपाती संपवल्याचा आनंद मिळावा म्हणून. आज माझ्या मुलाला मी तसंच करते.

---

न्यूजर्सीतली_सून

एवढं सगळं वाचून भूक लागली आणि रडूही आलं. मी मूळची नाशिकची, नवरा जळगावचा. त्याला कळण्याची भाकरी हवी असते आणि मला एकदाही जमली नाही. सासूबाईंना फोनवर विचारलं की त्या म्हणतात "अंदाजाने". इथे ज्वारी मिळते, सालाचे अख्खे उडीद मिळतात, गिरणी नाही, मिक्सरवर दळते. मला कृपया ग्रॅममध्ये सांगाल का? आणि मीठ दळतानाच घालायचं की भाकरी करताना?

---

चोपड्याची_लेक

तुमच्यासाठी काल वजनकाटा काढला. माझी मूठ आईसारखी आहे असं ती म्हणाली, म्हणून माझ्याच मुठी मोजल्या. ज्वारीच्या पाच मुठी वेगवेगळ्या तोलल्या, ५२ ते ५८ ग्रॅम भरल्या. ५५ धरा. उडदाची मूठ किंचित जड, पण तेवढीच धरली तरी बिघडत नाही. चारास एक हे आमच्या घरचं प्रमाण. वऱ्हाडची_हवा, उडीद वाढवले तर भाकरी थापायला आणखी सोपी, पण जड होते. पावसाळ्यात आजी उडीद कमीच घालायची.

मिक्सरवर दळताना एकदम बारीक करू नका, बोटाला रवाळ लागलं पाहिजे. ज्वारी आणि उडीद वेगवेगळे दळून मग मिसळा, कारण उडीद लवकर बारीक होतात. पीठ गरम पाण्यात मळा आणि लगेच थापा, ठेवून देऊ नका. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू पाणी लावून, पाणी सुकू लागलं की उलटा, दुसरी बाजू पूर्ण भाजली की मग थेट आचेवर.

मिठाचं मला खात्रीने सांगता येईना, म्हणून संध्याकाळी आईला फोन केला. वहिनीने कानाला लावून दिला. आई म्हणाली, दळतानाच, धान्यातच टाकायचं, म्हणजे पिठाला आळीही लागत नाही आणि शेतात भाकरी नुसती खाल्ली तरी चव राहते. मग विचारलं, कुणाला हवंय. मी सांगितलं, जळगावची सून आहे, अमेरिकेत असते. आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिन्हा घर कितला मानसे शेतस?"

ग्रॅमचं तिला काही सांगता येणार नाही, पण माणसं किती हे कळल्याशिवाय ती माप सांगत नाही. तर सांगा, घरात किती जण?

---

न्यूजर्सीतली_सून

आम्ही तिघं. पुढच्या महिन्यात सासू-सासरे येतायत, सहा महिन्यांसाठी. सासूबाई पहिल्यांदाच माझ्या हातची भाकरी खाणार. म्हणून पाच धरा.

---

चोपड्याची_लेक

आईला विचारून लिहितेय. माणशी दोन मुठी. पाच जणांच्या दहा, त्यातल्या आठ ज्वारीच्या आणि दोन उडदाच्या. ग्रॅममध्ये ४४० आणि ११०. मीठ दोन चिमटी, मोठ्या. पहिल्या दिवशी काट्यावर मोजा, आणि सासूबाई आल्या की त्यांच्या मुठीने.